विद्यापीठे आणि संशोधन संस्थांतील लिंगसमानता : आराखड्याची सुरुवात कुठून करावी?

कर्दळ

नमस्कार. मी एका विद्यापीठाच्या विज्ञान शाखेत शिकवते. आमच्याकडे लिंगसमानतेचा पाच वर्षांचा आराखडा तयार करण्यासाठी समिती नेमली आहे आणि मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. पहिल्या दोन बैठकांत व्याख्यानमाला, भित्तिपत्रके, महिला दिनाचा कार्यक्रम आणि एक दिवसाचे जाणीवजागृती शिबिर अशा सूचना आल्या. यांपैकी कशालाही माझा विरोध नाही. मात्र हे सारे वर्षानुवर्षे करूनही आमच्या विभागातली उतरंड जशीच्या तशी आहे: पदव्युत्तर वर्गात निम्म्याहून अधिक मुली, पीएचडीला त्याहून कमी, सहयोगी प्राध्यापकांत मोजक्या आणि प्राध्यापकांत एकच. जगाचे चित्रही फार निराळे नाही. युनेस्कोच्या आकडेवारीनुसार जगातील संशोधकांत स्त्रियांचे प्रमाण साधारण एक तृतीयांश आहे.

या प्रश्नावर आपण वृत्तीच्या भाषेत फार बोलतो आणि वाटपाच्या भाषेत फार कमी, असे माझे मत होत चालले आहे. अमेरिकेतील एमआयटीमध्ये १९९०च्या दशकात नॅन्सी हॉपकिन्स या जीवशास्त्रज्ञ बाईंनी झेब्राफिश या छोट्या माशावरील कामासाठी थोडी जास्त जागा मागितली आणि ती नाकारली गेली. तेव्हा त्यांनी मोजपट्टी घेऊन प्रयोगशाळा मोजल्या. पुरुष सहकाऱ्यांच्या तुलनेत आपल्याला कमी जागा आहे, हे त्यांनी आकड्यांत दाखवून दिले. त्या वेळी तेथील विज्ञान शाखेत कायमस्वरूपी पदावरील स्त्री प्राध्यापक जेमतेम १५ होत्या. त्यांच्या प्रयत्नांतून समिती नेमली गेली आणि जागा, पगार, निधी, पुरस्कार या सगळ्यांतली तफावत मांडणारा अहवाल १९९९ मध्ये जाहीर झाला. संस्थेच्या अध्यक्षांनी तो उघडपणे मान्य केला, हे मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते.

माझा प्रश्न असा आहे की तुमच्या संस्थेत नेमक्या कोणत्या उपायाने काही बदलले आणि कोणता उपाय कागदावरच राहिला? अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

अणुरेणू

मोजण्याच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. आमच्याकडे मोजणीची सुरुवात कामांपासून झाली. चार वर्षांपूर्वी एका सहकारी प्राध्यापिकेने मागील तीन वर्षांच्या विभागीय बैठकांची इतिवृत्ते काढली आणि कोणते काम कोणाकडे गेले याचा साधा तक्ता केला. आम्ही एकूण एकोणीस जण आहोत आणि त्यांत सहा स्त्रिया. नव्या विद्यार्थ्यांचे स्वागत, पाहुण्यांची व्यवस्था, मूल्यांकन समितीसाठी कागदपत्रे जमवणे, अडचणीत सापडलेल्या विद्यार्थ्यांचे समुपदेशन, बैठकीचे टिपण लिहिणे ही कामे जवळजवळ सगळी त्या सहा जणींकडे होती. उपकरण खरेदी समिती आणि निधीवाटप समिती यांत मात्र तिन्ही वर्षे एकही स्त्री नव्हती. कोणी ठरवून असे केले नव्हते आणि तक्ता पाहून आमच्यापैकी अनेकांना मनापासून धक्का बसला.

या विषयावर अर्थशास्त्रज्ञ लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग जरूर पाहावेत. ज्या कामाने बढतीला काहीच हातभार लागत नाही, असे काम स्वतःहून अंगावर घेण्याचे प्रमाण मिश्र गटांत स्त्रियांमध्ये ४८ टक्क्यांनी जास्त आढळले आणि अशा कामासाठी विचारणाही स्त्रियांनाच ४४ टक्क्यांनी जास्त झाली. विशेष म्हणजे गटात केवळ पुरुष असले की ते काम पुरुष बिनतक्रार करतात आणि हा फरक उरतच नाही. म्हणजे ज्याला आपण 'स्त्रियांना अशा कामांची आवड असते' म्हणतो, ती मुळात गटाची अपेक्षा असते.

आम्ही त्यावर एवढेच केले की ही कामे 'कोण करेल?' असे विचारून वाटणे बंद केले. आता पाळीपाळीने क्रम लागतो आणि तक्ता दर सत्राला विभागाच्या फलकावर लागतो.

पिंपळपान

मी तीस वर्षे अध्यापन केले आहे आणि अनेक निवड समित्यांवर बसलो आहे. कामांच्या वाटपाविषयी अणुरेणू यांनी लिहिलेले मला पटते. परंतु निवडीच्या वेळी स्त्री उमेदवाराला डावलले जाते, हे सरसकट विधान मी स्वीकारू शकत नाही. मानसशास्त्रज्ञ वेंडी विल्यम्स आणि स्टीफन सेसी यांच्या २०१५ च्या प्रयोगांत अमेरिकेतील प्राध्यापकांना सहायक प्राध्यापकपदासाठी तुल्यबळ काल्पनिक उमेदवार दाखवले, तेव्हा त्यांनी स्त्री उमेदवाराला दोनास एक या प्रमाणात पसंती दिली. आराखडा पुराव्यावर उभा करायचा असेल, तर आपल्याला न रुचणारा पुरावाही त्यात यायला हवा. गुणवत्तेचा निकष सैल करून आलेली समानता त्या स्त्रियांनाच जाचक ठरते, अशी माझी प्रामाणिक भीती आहे.

शाल्मली

पिंपळपान सर, तुम्ही सांगितलेला प्रयोग खरा आहे आणि तो चर्चेत आणल्याबद्दल आभार. त्याच्या शेजारी २०१२ चा कोरीन मॉस-रॅक्युसिन यांचा प्रयोग ठेवून पाहावा. त्यात विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांना प्रयोगशाळा व्यवस्थापकपदासाठी एकच अर्ज पाठवला होता, फक्त काहींच्या प्रतीवर 'जॉन' आणि काहींच्या प्रतीवर 'जेनिफर' असे नाव होते. जॉन अधिक सक्षम ठरला आणि त्याला सुचवलेला वार्षिक पगार सरासरी ३०,२३८ डॉलर होता, तर जेनिफरला २६,५०८ डॉलर. हा कल स्त्री प्राध्यापकांतही तितकाच दिसला, म्हणून याला पुरुषांवरचा आरोप समजू नये.

दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोडून काढतात, असे मला वाटत नाही. तुमच्या प्रयोगातले उमेदवार निर्विवाद उत्कृष्ट होते, तर या प्रयोगातला अर्ज मुद्दाम मध्यम ठेवलेला होता: काही जमेच्या बाजू, काही उणिवा. उत्कृष्ट स्त्रीला आज दार उघडे असेलही. प्रश्न मध्यम गुणवत्तेच्या माणसाचा आहे. 'अजून तयार होईल, संधी देऊन पाहू' हा विश्वास आपण कोणावर टाकतो? संशोधनातल्या बहुतेक कारकिर्दी अशाच विश्वासाच्या बळावर सुरू होतात.

गणकयंत्र

नाव झाकले तर काय होते, याचे प्रत्यक्षातले उदाहरण देतो. हबल अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणवेळेसाठी येणाऱ्या प्रस्तावांत पुरुषांच्या नेतृत्वाखालील प्रस्तावांना सातत्याने थोडे अधिक यश मिळत असे. २०१८ मध्ये प्रस्तावक आणि परीक्षक दोघांचीही नावे परस्परांपासून झाकण्याची पद्धत आली. त्या फेरीत स्त्रियांच्या प्रस्तावांचे यश ८.७ टक्के आणि पुरुषांचे ८.० टक्के राहिले. एका फेरीवरून मोठा निष्कर्ष काढू नये, हे खरे. पण या पद्धतीसाठी प्रस्ताव लिहिण्याची रीतच बदलावी लागली. 'आम्ही यापूर्वी दाखवून दिल्याप्रमाणे' अशी वाक्ये काढून टाकावी लागली आणि चर्चा माणसाकडून कल्पनेकडे वळली.

कॅनडाच्या आरोग्य संशोधन अनुदानांचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही हेच सांगतो. परीक्षकांनी भर प्रस्तावित संशोधनावर दिला तेव्हा स्त्री-पुरुषांच्या यशातले अंतर ०.९ टक्के बिंदू होते, तर प्रमुख संशोधकाच्या योग्यतेवर भर दिला तेव्हा ते ४ टक्के बिंदू झाले.

उत्तररात्र

शिफारसपत्रांचाही विचार आराखड्यात व्हावा. वैद्यकीय अध्यापकांच्या नेमणुकांसाठी लिहिलेल्या तीनशेहून अधिक पत्रांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. स्त्रियांच्या पत्रांत मेहनतीपणाचे कौतुक आणि शंका निर्माण करणारे उल्लेख अधिक आढळले. तो वाचल्यावर मी माझी जुनी पत्रे उघडून वाचली. मुलांसाठी मी 'स्वतंत्र विचाराचा', 'प्रतिभावान' असे लिहिले होते आणि मुलींसाठी 'कष्टाळू', 'सर्वांशी मिळूनमिसळून वागणारी'. त्यांपैकी एका विद्यार्थिनीने माझ्याकडे केलेले काम माझ्या गटातले सर्वांत मौलिक काम होते, हे आज लिहिताना मला वाईट वाटते. आता पत्र पाठवण्यापूर्वी मी प्रत्येक विशेषणापुढे त्याला आधार देणारे काम लिहितो. आधार सापडला नाही, तर विशेषण काढून टाकतो.

नवखी संशोधक

मी पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे आणि येथे पहिल्यांदाच लिहीत आहे. वरची चर्चा प्राध्यापकांच्या निवडीभोवती फिरते आहे, पण आमच्यापैकी कितीतरी जणी तिथवर पोहोचतच नाहीत.

मी रसायनशास्त्रात काम करते. गरोदर असल्याचे कळले तेव्हा कोणती द्रावके टाळावीत, कोणते प्रयोग थांबवावेत, याविषयी विभागात लिहिलेली एक ओळही मिळाली नाही. मार्गदर्शकांनी काळजीपोटी मला प्रयोगशाळेत येऊ नकोस, घरून वाचन कर, असे सांगितले. त्यांचा हेतू चांगला होता, याविषयी मला शंका नाही. परंतु सात महिन्यांनी परतले तेव्हा माझा अर्धवट प्रयोग दुसऱ्या विद्यार्थ्याकडे गेला होता आणि शोधनिबंधातले माझे नाव मागे सरकले होते. प्रकल्पाची मुदत रजेसाठी थांबत नाही आणि पाठ्यवृत्ती प्रकल्पाला बांधलेली असते, त्यामुळे रजेचे दिवस माझ्याच मुदतीतून वजा झाले. मला सहानुभूती सगळ्यांनी दिली, पण नियम कुठेच नव्हता. घातक वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात (फ्यूम हूड) करता येण्याजोगे किंवा मोजमापाच्या विश्लेषणाचे पर्यायी काम, रजेच्या काळात प्रयोगाची जबाबदारी तात्पुरती सोपवल्याची लेखी नोंद आणि नावांच्या क्रमाविषयी आधीच झालेला करार, एवढे असते तरी मला पुरले असते.

अणुरेणू

@नवखी संशोधक, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे. कर्दळ, हे तिन्ही मुद्दे जसेच्या तसे मसुद्यात घ्यावेत.

तिसरा मजला

रजेविषयी एक सावधगिरीची सूचना. सरसकट सर्वांना सारखी सवलत दिली म्हणजे समानता झाली, असे होत नाही. अमेरिकेतील अर्थशास्त्र विभागांत मूल झाल्यावर कायमस्वरूपी नेमणुकीसाठी पात्रता सिद्ध करण्याची मुदत आई आणि वडील दोघांनाही सारखीच वाढवून देण्याचे धोरण आले. त्याचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की त्या धोरणानंतर पुरुषांना कायमस्वरूपी पद मिळण्याचे प्रमाण वाढले आणि स्त्रियांचे घटले. वाढीव काळात पुरुषांचे नामांकित नियतकालिकांतले लेखन वाढले होते आणि स्त्रियांचे वाढले नव्हते, असे त्या अभ्यासात दिसले.

युरोपीय संशोधन परिषदेचा नियम मला त्यामानाने विचारपूर्वक केलेला वाटतो. तिच्या अनुदानासाठी पीएचडीनंतर ठरावीक वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. आईला ही मुदत प्रत्येक मुलामागे १८ महिन्यांनी वाढवून मिळते, तर वडिलांना त्यांनी प्रत्यक्ष घेतलेल्या रजेइतकीच.

संध्यामेघ

तिसरा मजला यांच्या मताशी अर्धा सहमत आहे, कारण त्यातून वडिलांच्या रजेविरुद्ध युक्तिवाद उभा राहू नये. माझी मुलगी झाली तेव्हा मी मिळण्यासारखी सगळी रजा घेतली आणि खरोखरच सांभाळण्यासाठी घेतली. परतल्यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला विचारले की घरी काही अडचण होती का. पत्नीही संशोधक आहे आणि तिला हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण तिने रजा घेणे गृहीतच होते. पुरुषांनी रजा घेणे हे जोवर खुलासा देण्याजोगे राहील, तोवर स्त्रीला नेमताना 'ही रजेवर जाईल' हा हिशेब मनातल्या मनात होतच राहील. आराखड्यात वडिलांच्या रजेचा समावेश करावा आणि विभागप्रमुखांनी ती घेण्याविषयी स्वतःहून सुचवावे. आणखी एक छोटी बाब म्हणजे विभागीय बैठका आणि परिसंवाद संध्याकाळी न ठेवता दिवसाच्या मधल्या वेळात ठेवावेत. आमच्याकडे या एका बदलाने उपस्थितांची यादी बदलली, कारण पाळणाघराची वेळ कोणासाठी थांबत नाही.

ओसरी

एक विषय अद्याप कोणी काढला नाही, तो मी काढते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी २०१८ मध्ये शैक्षणिक क्षेत्रातील लैंगिक छळाविषयी अहवाल प्रसिद्ध केला. त्याचा गाभा असा की केवळ कायद्याची पूर्तता करणाऱ्या यंत्रणांनी छळ थांबत नाही आणि सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे स्त्रियांना कमी लेखणारे, अपमान करणारे रोजचे वर्तन. मला त्यातली सर्वांत उपयुक्त शिफारस रचनेविषयीची वाटली. विद्यार्थ्याचे सारे भवितव्य एकाच व्यक्तीच्या हाती नसावे, असे तो अहवाल सांगतो.

आपल्या व्यवसायात मार्गदर्शक हाच पाठ्यवृत्तीवर सही करतो, प्रबंध पुढे पाठवतो, शिफारसपत्र लिहितो आणि पुढच्या नोकरीसाठी दूरध्वनीही तोच करतो. अशा स्थितीत तक्रार समिती कितीही चांगली असली, तरी तिच्यापर्यंत जाणाऱ्याला स्वतःची चार-पाच वर्षे पणाला लावावी लागतात. मी अशा समितीवर काम केले आहे. आमच्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थिनीचा पहिला प्रश्न 'त्यांना शिक्षा होईल का?' हा नव्हता. 'माझ्या प्रबंधाचे काय होईल?' हा होता. त्यामुळे प्रत्येक विद्यार्थ्याला सुरुवातीपासून दोन मार्गदर्शक, पाठ्यवृत्तीचे नियंत्रण विभागाकडे आणि मार्गदर्शक बदलण्याची कारण न विचारणारी वाट, या तीन गोष्टी मला तक्रार पेटीपेक्षा अधिक मोलाच्या वाटतात.

नवखी संशोधक

ओसरी यांच्या शेवटच्या वाक्यातली तिसरी गोष्ट मिळाली असती, तर माझी एक मैत्रीण आज संशोधनात असती. याहून अधिक लिहीत नाही.

गणकयंत्र

राखीव जागांविषयी कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. नेदरलँड्समधील आइंडहोवन तंत्रविज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये ठरवले की अध्यापक-संशोधकांच्या रिक्त जागा पहिले सहा महिने केवळ स्त्रियांसाठी खुल्या राहतील. तेथील मानवाधिकार संस्थेने २०२० मध्ये हे धोरण प्रमाणाबाहेर कडक असल्याचा निर्णय दिला आणि विद्यापीठाने ते सुधारून पुन्हा आणले. जिथे विभागात स्त्रिया अगदीच नगण्य असतात, तिथे असा ठोस उपाय मला समर्थनीय वाटतो.

पिंपळपान

याला माझा विरोध कायम आहे. दार काही काळ कोणासाठी तरी बंद करणे हा समानतेचा मार्ग होऊ शकत नाही.

शाल्मली

सर, दार बंद करण्याविषयी बोलताना मागचा इतिहास विसरून चालणार नाही. गणितज्ञ एमी नोएदर यांची व्याख्याने जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठात काही वर्षे त्यांचे सहकारी डेव्हिड हिल्बर्ट यांच्या नावाने जाहीर होत, कारण स्त्रीला अध्यापनाचा अधिकार नव्हता. तो त्यांना १९१९ मध्ये मिळाला. कमला सोहोनी यांना १९३३ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून प्रवेश नाकारला होता आणि पुढे दिला तोही वर्षभर पारखून पाहण्याच्या अटीवर.

याहून बोलके उदाहरण भौतिकशास्त्रज्ञ मारिया गोपर्ट मायर यांचे आहे. पती-पत्नीला एकाच संस्थेत नोकरी न देण्याच्या नियमांमुळे त्यांनी कित्येक वर्षे विद्यापीठांत बिनपगारी संशोधन केले. पूर्ण पगाराचे प्राध्यापकपद त्यांना १९६० मध्ये मिळाले आणि १९६३ मध्ये नोबेल पारितोषिक. तो नियम वाचला तर त्यात 'स्त्री' हा शब्द नसतो. नात्यागोत्याला थारा नको, असा तो स्वच्छ, निःपक्षपाती नियम होता आणि घरातून बाहेर कोण राहणार हे मात्र आधीच ठरलेले होते. आजचे आपले कोणते नियम असे आहेत, हे शोधणे मला राखीव जागांच्या वादापेक्षा निकडीचे वाटते. वयोमर्यादा, सलग सेवेची अट, परदेशी अनुभवाची अट यांपासून सुरुवात करावी.

पिंपळपान

शाल्मली, मी आज सकाळी आमच्या संस्थेची बढतीची नियमावली पुन्हा वाचली. तिच्यात 'सलग पाच वर्षे' असे शब्द आहेत. मी त्या नियमानुसार किमान दहा प्रकरणे निकालात काढली आहेत आणि 'सलग' या शब्दाने कोण बाहेर पडले, याचा विचार एकदाही केला नाही. त्यांतल्या दोघींची नावे मला आठवतात. राखीव कालावधीविषयीचे माझे मत मी बदललेले नाही, पण निकष सैल करण्याविषयी मी वर जे लिहिले, ते निकष आधीच सर्वांसाठी सारखे आहेत असे गृहीत धरून लिहिले होते. ते गृहीतक मी मागे घेतो.

खतावणी

मी प्राध्यापक नाही, एका संशोधन संस्थेच्या लेखा विभागात काम करते. या संपूर्ण चर्चेत तंत्रज्ञ, प्रयोगशाळा सहायक, कार्यालयीन कर्मचारी आणि कंत्राटी प्रकल्प कर्मचारी यांचा उल्लेख नाही, याकडे लक्ष वेधू इच्छिते. कंत्राटी जागांवर स्त्रियांचे प्रमाण जास्त असते आणि समानतेच्या आराखड्यातली आकडेवारी कायम पदांपुरतीच मोजली जाते, त्यामुळे तो आकडा नेहमी प्रत्यक्षाहून वेगळा दिसतो. संरक्षक हातमोजे आणि एप्रन यांची खरेदीही मीच पाहते. लहान मापाची मागणी कोणी नोंदवत नाही म्हणून ती येत नाहीत आणि मिळत नाहीत म्हणून कोणी मागत नाही. सैल हातमोजा घालून आम्ल ओतणे धोक्याचे असते.

तसेच पारलिंगी सहकाऱ्यांचाही विचार व्हावा. आमच्याकडे एका संशोधकाने नाव बदलले, तेव्हा ओळखपत्र, पगारपत्रक आणि संकेतस्थळ या तिन्ही ठिकाणी ते बदलायला वर्ष लागले. जुन्या शोधनिबंधांवरचे नाव काही मोठे प्रकाशक आता बदलून देतात आणि ते काम आमच्या कार्यालयाच्या आधी झाले.

तिसरा मजला

कर्दळ, एक इशारा देऊन ठेवतो. ब्रिटनमध्ये २००५ पासून अथेना स्वान नावाची मानांकन पद्धत आहे, ज्यात संस्थांना कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशा श्रेणी मिळतात. २०११ मध्ये वैद्यकीय संशोधनाचा काही सरकारी निधी रौप्य श्रेणीशी जोडला गेला आणि वर्षानुवर्षे न हललेल्या संस्था एकदम हलल्या. मात्र त्यासाठीची माहिती जमवण्याचे आणि अर्ज लिहिण्याचे काम मोठ्या प्रमाणावर स्त्रियांवरच पडले, अशी टीकाही तिथे झाली. तुमच्या समितीत मसुदा कोण लिहीत आहे, हे तुम्ही पहिल्याच परिच्छेदात सांगितले आहे.

कर्दळ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तिसरा मजला, तुमचे शेवटचे वाक्य मी काल समितीत वाचून दाखवले. त्यानंतर आकडेवारी गोळा करण्याचे काम दोन पुरुष सहकाऱ्यांनी घेतले आहे आणि मसुदालेखनाच्या बदल्यात माझा या सत्रातला एक तास कमी झाला आहे. समितीचे काम कार्यभारात धरले जाण्याची आमच्या विभागातली ही पहिलीच वेळ.

जाणीवजागृतीचे शिबिर मी वगळलेले नाही, पण ते शेवटच्या पानावर गेले आहे. पहिल्या पानावर कामांच्या वाटपाचा तक्ता आहे. त्यानंतर गरोदरपणातील प्रयोगशाळा सुरक्षेची लेखी मार्गदर्शिका आणि रजेच्या काळात प्रयोग सोपवण्याचा करारनमुना येतो. नवखी संशोधक, त्याचा कच्चा मसुदा तुम्ही वाचावा, अशी विनंती आहे. दोन मार्गदर्शकांच्या सूचनेला बैठकीत सर्वाधिक विरोध झाला आणि तो ज्येष्ठांकडून झाला. ती मी काढलेली नाही.

पिंपळपान सर, नियमावलीतील 'सलग' या शब्दाविषयीचे टिपण तुम्ही लिहून द्याल का? तुमच्या अनुभवाचे वजन त्याला येईल.

पिंपळपान

लिहितो. त्या दोघींपैकी एकीशी बोलून आणि तिची परवानगी घेऊन लिहीन, म्हणून आठवडाभराचा अवधी द्यावा.

खतावणी

हातमोज्यांच्या मागणीपत्रात माप लिहिण्याचा रकाना मी आजच घातला आहे.